३६ रुपये मोजून गेलेल्या मुलास

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. भर पावसात तू प्रोजेक्टच्या प्रिंटा काढायला माझ्या डीटीपीच्या दुकानात आलास. लाईट जाऊन नुकतीच आली होती. पासवर्ड टाकला तरी कॉम्प्युटर काही हाताशी येईना. सात मिनिटं झाली तेव्हा तू विचारलंस, "काकू, हा रोजच असा?"

मी म्हटलं, म्हातारा झालाय. दुरुस्तीवाला तर नवाच घ्या म्हणून मागे लागलेला.

तू कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडलास. स्टार्टअपच्या यादीत, म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत, अठरा नावं! त्यात तीन प्रिंटरची, आणि त्यातले दोन प्रिंटर कधीच भंगारात गेलेले. "हे लागतं?" "नाही रे." असं करत तू बारा बंद केलीस, अँटिव्हायरसला मात्र हात लावला नाहीस. मग तो 'झेड' ड्राइव्ह, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरला जोडलेली वाट. शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मी दोन वर्षांपूर्वी विकला, आणि हा बिचारा रोज लॉगिन झालं की त्याला शोधत बसायचा. मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं.

एवढं करून सातावरून चारावर आला. तू डिस्कच्या रकान्यावर बोट ठेवलंस: १०० टक्के. आत तबकडी फिरते, चालू होताना हजारो बारीक फायली लागतात आणि दर फाइलीला काटा इकडून तिकडे पळतो, हे तू मला जुन्या रेकॉर्ड प्लेअरवरून समजावलंस. तिच्या जागी बसते ती एसएसडी, चिपवर साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं काहीच नसतं म्हणे. चिठ्ठी लिहून दिलीस: '२४० जीबी, सॅटा, अडीच इंची. आधी बॅकअप. क्लोन करा, फॉरमॅट नको.'

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून नव्याने. ते शेवटचे दोन शब्द माझ्यासाठी लाखमोलाचे. फॉरमॅट झाला असता तर श्रीलिपीचे फॉन्ट, पत्रिकांचे साचे, सगळी मांडामांड पुन्हा पहिल्यापासून.

चिठ्ठीप्रमाणे एसएसडी बसवली, आणि आता बटण दाबल्यापासून पंचवीस सेकंदांत काम सुरू. कॉम्प्युटर चालू होईपर्यंत चहा टाकायची सवय तेवढी सुटली नाही. तो आता गिऱ्हाइकासमोर बसून पिते. आणि काही अडकलं की शट डाउन नाही, रीस्टार्ट करते. विंडोज १० शट डाउनमध्ये पुरतं बंद होत नाही, हेही तूच सांगितलंस.

पैसे घेतले नाहीस, वर अठरा पानांचे ३६ रुपये टेबलावर ठेवून गेलास. ते ड्रॉवरमध्ये वेगळे ठेवलेत. शेवटच्या वर्षाच्या ब्लॅक बुकचं, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालाचं, बाइंडिंग माझ्याकडेच आण, सोनेरी अक्षरांसकट. बिल मागितलंस तर रागवेन.

तुझी,
डीटीपीवाली काकू