किलिमांजारोला जरूर जा, पण डोंगराचे दिवस कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत टांझानियावरचा लेख वाचला. किलिमांजारो आणि सफारी एकाच सुट्टीत कसं उरकायचं हे सांगणारा. फोटो झकास होते, तक्रार नाही. पण त्यात जो प्लॅन दिलाय, जाऊन येऊन नऊ दिवस, त्यातले पाच डोंगरावर, दोन-तीन जीपमध्ये आणि उरलेले विमानात, तो वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये तो लेख लगेच फिरला आणि दोघातिघांनी ‘चला बुक करू’ म्हणून टाकलंपण, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय, लांबलं तर कापा पण आकडे तेवढे ठेवा.

आधी उंचीचं बोलू. कळसूबाई 1646 मीटर. किलिमांजारोची बहुतेक गेटं याहून वर, अठराशे मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे आपला महाराष्ट्र जिथं संपतो त्याच्या वर तो डोंगर चालू होतो, आणि संपतो 5895 मीटरला. पाच दिवसांचं पॅकेज म्हणजे जवळजवळ नेहमी मरांगू रूट. तिथं तंबू नसतात, झोपायला लाकडी हट्स असतात, बेड असतो, म्हणून तो सोपा रूट म्हणून विकला जातो. पण रात्री कुठं झोपतो ते बघा. पहिली रात्र मंदारा हट 2720 मीटर, दुसरी होरोम्बो 3720, तिसरी किबो 4720. रोज हजार मीटरची उडी! तीन हजारच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण पाचशे मीटरनंच वाढवा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा, असं डॉक्टर लोक वर्षानुवर्षं सांगतायत. आणि किबोची ती तिसरी रात्रसुद्धा झोपायची नसतेच, मध्यरात्रीच्या सुमाराला उठवतात आणि तिथनं सरळ शिखर, म्हणजे पावणेबाराशे मीटरचा चढ एका दमात. बारीतून कळसूबाई चढतो त्याच्यापेक्षा जास्त, तोही अंधारात, भुसभुशीत खडीवर, उणे दहाच्या खालीपण जाऊ शकणाऱ्या थंडीत, आणि वर हवेत ऑक्सिजन समुद्रकाठच्या निम्मा.

इथं लोकांचा एक मोठा गैरसमज असतो तो म्हणजे फिटनेस. ‘मी हाफ मॅरेथॉन पळतो, दर रविवारी सिंहगड करतो, मला काय होतंय.’ विरळ हवेला तुमचा टायमिंग माहीत नसतो. उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि तोच आधी आडवा होतो, म्हणून तर तिथले गाईड सारखे ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू चला असं सांगत असतात आणि आपली तरणी पोरं हसून पुढं जातात. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत ठीक आहे, पण त्याकडं दुर्लक्ष करून वर चढत राहिलं तर फुफ्फुसात पाणी होतं नाहीतर मेंदूला सूज येते, आणि यावर पहिला इलाज एकच, ताबडतोब खाली उतरणं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मदत करते, डॉक्टरांना विचारून घ्यावी, पण ती दिवसांची जागा घेत नाही.

मी स्वतः माचामे रूटनं गेलो होतो, सात दिवसांच्या प्लॅननं. त्यात एका दिवशी लावा टॉवरपर्यंत नेतात, ते साधारण 4600 मीटर, तिथं डबा खायचा, डोकं जरा ठणकतं, आणि मग खाली बारांकोला चार हजारच्या आसपास आणून झोपवतात. चढायचं उंच, झोपायचं खाली. शरीर त्या दुपारी जे शिकतं ते पुढं बाराफू कॅम्पवरनं शिखराला निघताना कामाला येतं. सहा दिवसांच्या माचामेत मधली करांगाची रात्र गाळतात, सात दिवसांत ती मिळते. लेमोशोनं आठ दिवस घेतले तर अजून उत्तम. आणि मरांगूच आवडत असेल तर निदान होरोम्बोला दोन रात्री काढा, मधल्या दिवशी मावेंझी या शेजारच्या शिखराच्या बाजूला फिरून या. 2022 पासून होरोम्बोला इंटरनेटपण पोचलंय, रील टाकायची सोय झाली, आता तरी थांबायला हरकत नाही.

मग कंपन्या दिवस का कापतात? साधा हिशोब आहे. परदेशी पाहुण्याला नॅशनल पार्कची फी दिवसाला 70 डॉलर, तंबूची रात्र 50 डॉलर, त्यावर 18 टक्के व्हॅट, म्हणजे जादा एका दिवसाची नुसती फीच 140 डॉलरच्या वर जाते (दर बदलत असतात, जाताना बघून घ्यावे). त्यात गाईड, पोर्टर, जेवण वेगळं. म्हणजे पॅकेज स्वस्त दाखवायचं तर पहिली कात्री डोंगराच्या दिवसांवर, कारण सफारीचा दिवस कापला की गिऱ्हाईकाला लगेच कळतं, ‘अरे एक पार्क कमी दिलं!’, आणि डोंगराचा कापला तर तो म्हणतो वा, लवकर उरकतंय. माझं म्हणणं अगदी उलटं आहे. पैसे किंवा रजा कमी पडत असेल तर एक पार्क सोडा. सिंह पुढच्या वेळी बघता येतो, नाहीतर गीरला आहेच की.

दुसरा मुद्दा, आधी काय? लेखात सफारी आधी दिलीय, म्हणजे ‘सैलावून मग ट्रेक’. त्याच्या बाजूनं एक गोष्ट आहे हे मान्य, न्गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावरचे लॉज सव्वादोन हजार मीटरच्या आसपास आहेत, तिथं दोन रात्री झोपलं तर शरीराला थोडी सवय होते. पण थोडीच. बाकी सगळी कारणं डोंगर आधीच्या बाजूची. एक म्हणजे मलेरिया. डास चावल्यापासून ताप यायला निदान आठवडा जातो. सफारीत चावला तर ताप येऊ शकतो नेमका डोंगरावर, आणि तिथं डोकेदुखी, मळमळ, अशक्तपणा हे मलेरियाचं की उंचीचं ते गाईडनं कसं ओळखायचं? (डोंगराच्या पायथ्याच्या मोशी गावात पण डास आहेतच, मलेरियाच्या गोळ्या आधी काहीही केलं तरी घ्यायच्याच.) दुसरं म्हणजे गुडघे. शिखरावरनं उतरायच्या म्वेका गेटपर्यंत दीड दिवसात चार हजार मीटरच्या वर उतार आहे, त्यानंतर तीन दिवस जीपच्या सीटवर बसून छतातनं डोकं बाहेर काढणं यासारखं सुख नाही. आणि तिसरं, शिखर झालेलं असतं, म्हणजे डोक्यावरचं ओझं गेलेलं, मग माणूस हत्तीकडं नीट बघतो. आमच्यातला एक जण तर तरंगिरे पार्कात अर्धा वेळ झोपला, तो भाग सोडा.

आता सफारीचे फोटो. लेखात मगरी आणि नदीत उड्या मारणारे विल्डबीस्ट (तिकडची एक मोठी हरणजात) दाखवलेत. ती मारा नदी, सेरेंगेटीच्या एकदम उत्तर टोकाला, आणि ते साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये. सफारी निघते त्या अरुशा शहरातून सेरेंगेटीच्या मधल्या सेरोनेरापर्यंतच अख्खा दिवस जातो, आणि रस्ता असा की दात खिळखिळे व्हावेत. दोन-तीन दिवसांच्या सफारीत ते दृश्य बसतच नाही, विमानानं गेलात तर गोष्ट वेगळी, खिसाही वेगळा. तेवढ्या दिवसांत नीट होतं ते तरंगिरे आणि न्गोरोंगोरो. आणि ते काही कमी नाही! न्गोरोंगोरो म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीचं सहाशे मीटर खोल ताट, तळ साधारण 260 चौरस किलोमीटर, त्यात सिंह, म्हशी, हत्ती, नशीब असेल तर काळा गेंडा. जिराफ मात्र नाहीत, कडे एवढे उभे आहेत की ते उतरत नाहीत असं सांगतात. तरंगिरेत कोरड्या महिन्यांत हत्तींचे कळपच्या कळप नदीवर येतात, मधे मधे आपल्या गोरखचिंचेचे बाओबाब. एक सूचना, तिथं चावणाऱ्या त्सेत्से माशा आहेत आणि त्यांना गडद निळा नि काळा रंग खेचतो, म्हणजे नेमका आपल्या ट्रेकिंग जॅकेटचा. खाकी शर्ट वेगळा ठेवा.

सीझनचं तर आपल्याकडं कुणी बोलतच नाही. आपली मोठी सुट्टी मे महिन्यात आणि तिथं मार्च ते मे मोठा पाऊस. दिवाळी नोव्हेंबरकडं सरकली की छोट्या पावसात सापडते. चांगले महिने जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर. आपले लोक 26 जानेवारीला, 15 ऑगस्टला तिरंगा घेऊन जातात, शिवजयंतीला भगवा घेऊन जातात, ते तारखांच्या दृष्टीनं उत्तमच आहे, आणि फेब्रुवारीत तर बोनस, कारण तेव्हा सगळे विल्डबीस्ट दक्षिणेला न्डुटूच्या मैदानात विणीसाठी आलेले असतात, दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं, आणि वासरं म्हटली की चित्ते, तरस, सिंह आलेच. न्डुटू न्गोरोंगोरोच्या अंगालाच आहे, तीन-चार दिवसांत जमतं. म्हणजे 19 फेब्रुवारीला शिखर आणि नंतर न्डुटू हा प्लॅन नदीच्या फोटोंपेक्षा हजारपट खरा आहे.

आणि ज्या गोष्टीचा लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही ती म्हणजे माउंट मेरू. अरुशाच्या डोक्यावरच उभा आहे, साडेचार हजार मीटरच्या वर. तीन-चार दिवसांचा ट्रेक, अरुशा नॅशनल पार्कमधनं, आणि खालच्या टप्प्यात बंदूकवाला रेंजर बरोबर असतो कारण वाटेवर रानम्हशी असतात. जिराफ शेजारी चरतायत आणि तुम्ही पाठीवर सॅक घेऊन चालताय! ट्रेक आणि सफारी एकत्र म्हणतात ते हेच की. मिरियाकांबा आणि सॅडल अशा दोन हट्समध्ये झोपायचं, सॅडल साडेतीन हजारच्या वर, म्हणजे किलिमांजारोच्या आधी केला तर शरीर तयार होतं, आणि किलिमांजारो झेपणार नसेल तर नुसता मेरू आणि तरंगिरे एवढं करून आलात तरी पैसा वसूल. सह्याद्रीत फिरणाऱ्याला तर मला वाटतं मेरूच जास्त आवडेल, शेवटची धार थेट आपल्या कड्यांची आठवण देते. पण शिखराचं नाव फेमस नाही, त्यामुळे पॅकेजवाले विकत नाहीत.

पोर्टर लोकांबद्दल लिहिल्याशिवाय पत्र संपवत नाही. आपण पाठीवर पाण्याची बाटली नि रेनकोट घेऊन चढतो आणि तंबू, गॅस, अंडी, खुर्च्यासुद्धा डोक्यावर घेऊन ती माणसं आपल्याला ओलांडून जातात. एकाला 20 किलोची मर्यादा आहे, गेटवर वजन होतं, पण अति स्वस्त पॅकेजमध्ये पोर्टर कमी घेतले जातात, मजुरी आणि जेवण मारलं जातं. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था नीट वागवणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते, बुकिंगच्या आधी विचारा तुमचा तिथला ऑपरेटर त्यात आहे का. माझ्या ओळखीतल्या एका ग्रुपनं इथल्याच एका एजंटला हे विचारलं तर तो म्हणाला, ते तुम्हाला काय करायचंय. टिप शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर द्या, कुणाला किती ते मोठ्यानं सांगून, नाहीतर खालपर्यंत पोचेल याची खात्री नाही.

बाकी किरकोळ. आदिस अबाबा किंवा नैरोबीवरनं येणार असाल तर यलो फीव्हरची लस आणि कार्ड जवळ असू द्या, लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये अडकायची पाळी येऊ शकते. इन्शुरन्स घेताना किती मीटरपर्यंत कव्हर आहे ते वाचा, साध्या पॉलिसीत सहा हजार मीटर बहुधा नसतं. प्लास्टिकच्या कॅरीबॅग नेऊ नका, टांझानियात 2019 पासून बंदी आहे. शाकाहारी असाल तर आधी कळवा, चपाती तिकडं सर्रास मिळते, अडचण येत नाही.

एक विनंती तुम्हाला. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा त्यात प्रत्येक रात्रीची झोपायची उंची एका चौकटीत द्या. किंमत आणि ‘सक्सेस गॅरंटी’च्या जागी तेवढी चौकट असली तरी वाचकाला पॅकेज कसं आहे ते स्वतःच कळेल, त्याला माझ्यासारख्याच्या पत्राची गरज राहणार नाही.

आपला,
एक ट्रेकर वाचक, डोंबिवली