तुरुंगाच्या दारात फक्त कोविडच तपासला गेला

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

क्षयरोग विभागात नोकरी करून निवृत्त झालेला मी माणूस. जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात थुंकीच्या डब्या गोळा करण्यात हयात गेली. म्हणून कारागृहांबद्दल थोडं स्पष्ट लिहितो.

कोविडच्या काळात कैदी आत घेताना थर्मल गन लागली, स्वॅब घेतला गेला. ते हवंच होतं. पण रिपोर्ट निगेटिव्ह आला की माणूस धडधाकट ठरून बराकीत जायचा. खोकला मात्र सोबत आत जायचा. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बिडीना खोकला शे, दादा." सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही क्षय शोधणारी यंत्रंही तेव्हा कोविडच्या तपासणीला जुंपली होती. एक्स-रेसाठी कैद्याला सिव्हिलला न्यायचं तर पोलीस गार्ड लागतो, आणि पोलीस होते नाकाबंदीवर.

बाहेरही तीच गत होती. देशात २०१९ मध्ये क्षयाच्या २४ लाखांवर रुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये जेमतेम १८ लाखांची. एवढा क्षय एका वर्षात पळाला असं कोणी म्हणणार नाही. जे सापडले नाहीत, त्यांतले काही खच्चून भरलेल्या बराकीत, मे महिन्याच्या आपल्या खानदेशी उकाड्यात, शेजाऱ्याच्या उशाशी खोकत होते.

मला खरी चुटपुट लागते ती चौदा दिवसांची. नवा कैदी तेव्हा तितके दिवस वेगळा ठेवत. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर क्षयाचा संशय धरायचा, हे आमच्या कार्यक्रमाचं पहिलं पान. माणूस आयता समोर, वेगळा, जाऊन जाऊन जाणार कुठे! सकाळची पहिली थुंकी घ्यायची, त्याच्या संमतीने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सीसाठी रक्त घ्यायचं. हिपॅटायटिस सी तर वर्षानुवर्षं काही जाणवू देत नाही आणि साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो.

दुसरी गोष्ट सुटकेची. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ मार्च २०२० च्या आदेशानंतर उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि गर्दी कमी करण्यासाठी अनेकांना तात्पुरता जामीन, पॅरोल मिळाला. निर्णय योग्यच. पण जामिनाचा कागद संध्याकाळी येतो, माणूस पिशवी उचलून निघतो आणि गोळ्यांची पाकिटं दवाखान्याच्या कपाटात राहतात. तो धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर पोचतो, तिथून सुरतेला नाहीतर ऊसतोडीला. सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट सुटला की औषधांना दाद न देणारा क्षय कसा होतो, ते आपल्या अधिकाऱ्यांना मी सांगायला नको.

तेव्हा मागणी एवढीच. गृह विभागाला सोबत घेऊन साथ नसतानाच एक परिपत्रक काढा: पुढच्या साथीत ज्या दिवशी स्वॅब, त्याच दिवशी थुंकी आणि रक्त. सुटणाऱ्याच्या हातात महिन्याच्या गोळ्या आणि निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, त्याच्या तालुक्याला झालेल्या बदलीची चिठ्ठी. गार्ड नसेल तर कैदी नेऊ नका, डबी न्या. तिला बेडी लागत नाही.

सुरुवात जळगाव आणि धुळ्याच्या कारागृहांपासून करावी. डब्या पोचवायला माणूस कमी पडत असेल तर आम्ही निवृत्त मंडळी अजून मोटारसायकल चालवतो.

आपला,
एक निवृत्त क्षयरोग पर्यवेक्षक, पाचोरा