हाडामांसाचे काका, तुमच्यासाठी

प्रिय काका,
शालोम.

समोर बसून थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत विषय चहावर नेता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता ऐकावंच लागेल.

आईला पॅरालिसिस झाला तेव्हाचे दिवस आठवतात ना? डायपर, बेडसोअर, दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि त्यातच प्रार्थनेला आलेले एकजण तिच्या उशाशी बसून म्हणाले की देहाचं काय, तो मातीतच जाणार, आत्म्याचं बघा. त्यांच्या मनात वाईट नव्हतं पण मला फार लागलं. लहानपणापासून ख्रिस्ती बायबलातलं प्रेषित पौलाचं "देहवासना आत्म्याविरुद्ध आहे" हे पाठ, मग ज्या अंगाला मी रोज पुसते, पावडर लावते ते देवाच्या लेखी शत्रूच का? शनिवारी तुमचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर तुम्ही आईला बघायला आलात आणि मी रडत रडत तुम्हालाच विचारलं.

तुम्ही समजूत घातली नाहीत, घरी जाऊन तुमचा जाडजूड तनाख, म्हणजे ज्यूंचा हिब्रू धर्मग्रंथ, घेऊन आलात. हिब्रूतली बेथ, सिन, रेश. बासार. तीनच अक्षरं, पण हा शब्द त्यात 270च्या आसपास वेळा येतो. आमच्या मराठी बायबलात हा शब्द कुठे मांस होतो, कुठे देह, कुठे मानवजाती, त्यामुळे तो एकच आहे हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. काकू नारळाच्या रसात मटण करतात कारण तुमच्यात बासार आणि दूध एकत्र चालत नाही, तो हाच बासार. आदाम बायकोला बघून "माझ्या हाडातले हाड, मांसातले मांस" म्हणतो तोही हाच. लाबान याकोबाला मिठी मारून तेच म्हणतो, आणि योसेफला मारायला निघालेल्या भावांना यहूदा अडवतो तेही हेच सांगून, तो आपला भाऊ आहे, आपलं मांस आहे. तुम्ही म्हणालात, "अगं आपण मराठीत हाडामांसाचा माणूस म्हणतो ना, तसंच." आणि गझलेतला बशर, म्हणजे माणूस, तो अरबीतला याच मुळाचा शब्द, हे ऐकून तर मी रडायचंच विसरले.

बासार कमकुवत आहे हेही तुम्ही लपवलं नाहीत. यशया संदेष्टा म्हणतो सगळा बासार गवत आहे, वाळतं. पण वाळणं म्हणजे पाप नव्हे, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. स्तोत्र 63 मध्ये तर जिवाबरोबर हा बासारही देवासाठी आसुसतो, कोरड्या जमिनीसारखा. आणि यहेज्केल 36 मधलं मांसमय हृदय मी किती वेळा वाचलं असेल, तरी तिथे दगड काढून देव मांसच देतोय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पौलाचं विचारलं तर म्हणालात, "तो तुमचा, त्याचं तुम्ही बघा." बघितलं काका. तो ग्रीकमध्ये सार्क्स, म्हणजे मांस किंवा देह, असं लिहितो, आणि गलतीकरांस पत्रात त्या सार्क्सची कामं सांगताना मत्सर, भांडणं, तट पाडणं हेही मोजतो. आईच्या लुळ्या हातापायाचा त्यात काय संबंध? त्याला माणसाची देवाकडे पाठ फिरवून जगायची ओढ म्हणायचीय, कातडी आणि स्नायू नाही. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

पण सगळ्यात जास्त आभार यशया 58 साठी. भुकेल्याला भाकर दे, बेघराला घरात घे, उघड्याला पांघरूण घाल, आणि तुझ्या बासारापासून तोंड लपवू नकोस. तिथे तुम्ही बोट ठेवलंत आणि आईच्या खोलीकडे बघितलंत, बोलला काहीच नाहीत. त्या रात्री जखम साफ करताना पहिल्यांदा माझा हात घाईत नव्हता, मला वाटलं मी प्रार्थनाच करतेय.

आई आता उशीला टेकून बसते. बोलणं अडखळतं, पण "ते हाडामांसाचे काका" विचारते अधूनमधून. आमच्याकडचं मटण तुम्हाला चालणार नाही माहितीय, घावन आणि नारळाचा रस करते. शनिवार सोडून कधीही या, काकूंना घेऊन.