तिकिटाच्या पुढची पानं

लातूर, ९ जानेवारी

चि. सुजितास अनेक आशीर्वाद.

फोनवर सगळं बोलून झालंय. तू सात वेळा "हो आई" म्हणालास, मी मोजले. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच "साईटवर बोलावलंय, ठेवतो" म्हणता येत नाही. या पत्रात तुझ्या तापाचं काही लिहायचं नाही असं मी ठरवलंय. बाबांनाही तसं सांगितलं. त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

पुस्तकाबद्दल लिहायचंय. येळवशीच्या सणाला आलास तेव्हा ते सिकंदराचं चरित्र मधल्या खोलीत उशीखाली विसरून गेलास. ते मी वाचलं. पहिल्यांदा नुसतं चाळायला घेतलं होतं, मग रात्री झोप येईना म्हणून (का येत नव्हती ते लिहायचं नाही म्हटलंय) तीन रात्रींत संपवलं. सोपं आहे. टाईप मोठा, प्रकरणं लहान. लढायांच्या नकाशांत तेवढं अडलं. बाण कुठून कुठं चाललेत ते दोनदा बघूनही कळेना, बाबांना विचारलं तर त्यांनी पुस्तक उलटं धरून सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली, पण माझा इतिहास चौथीच्या पुढं कधी सरकला नाही. माझ्या लेखी सिकंदर म्हणजे पोरस, हत्ती, झेलम, "राजानं राजाशी वागावं तसं वाग", आणि धडा संपला. हा माणूस मोहिमेवरून आईला पत्रं लिहायचा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझ्या पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. घोड्याच्या गोष्टीत तर एका वाक्याखाली दोन. १३ टॅलेंट चांदी एवढी किंमत सांगितलेला तो बुसेफॅलस कुणालाच हात लावू देत नाही, आणि हा पोरगा बघतो की घोडा दुसऱ्या कशाला नाही, स्वतःच्या सावलीला बुजतोय. त्याचं तोंड सूर्याकडं वळवतो आणि चढून बसतो. तेव्हा बाप फिलिप डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, बाळा, तुझ्या तोलाचं राज्य शोध, मॅसिडोनिया तुला पुरायचं नाही. रेघ ओढलीस ते बरोबरच आहे. मीही थांबले तिथं. तुझं नेमणुकीचं पत्र आलं त्या संध्याकाळी बाबा सायकल घेऊन कारण नसताना गंजगोलाईला दोन चकरा मारून आले होते. काही बोलले नाहीत. ते फिलिपसारखं बोलणाऱ्यातले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी पेढे उधारीवर आणले, आणि त्यांना उधारी किती चालते ते तुला माहीत आहे.

तर पुस्तकात एसटीचं तिकीट होतं, अक्षरं उडालेलं. गौगामेलाच्या लढाईच्या प्रकरणाशी. इ.स.पू. ३३१, इराणचा राजा दरायस पळाला, बॅबिलॉनचे दरवाजे उघडले. त्या दिवशी सिकंदर पंचवीस वर्षांचा होता. तुझ्याएवढा. तू तिथं थांबलास, सुजित. पुढचं वाचलंच नाहीस. पुढं एकही रेघ नाही, पानं कोरी करकरीत आहेत. म्हणून हे पत्र.

तिकिटाच्या अलीकडचं एक तू वाचलं असशील, तरी परत लिहिते. तार्ससला तो तापानं फणफणला होता. थंडगार नदीत उतरल्याचं निमित्त. बाकीचे वैद्य औषध द्यायला घाबरले, न जाणो मेला तर. फिलिप नावाचाच एक वैद्य तयार झाला. तेवढ्यात त्याच्या सेनापतीचं, पार्मेनियनचं पत्र आलं की त्या वैद्याला दरायसनं पैसे चारलेत, विष देईल. यानं काय केलं? एका हातानं पत्र वैद्याला वाचायला दिलं आणि दुसऱ्या हातानं औषध पिऊन टाकलं. लोक याला विश्वास म्हणतात, शौर्य म्हणतात. मला एवढंच दिसलं की पोरानं औषध घेतलं. वेळेवर घेतलं. सहा दिवस "अंग जरा कसकसतंय" म्हणत कुणाच्या साईटवर सोलरच्या प्लेटा मोजत फिरला नाही.

बघ. आलंच.

आता लिहूनच टाकते. मला राग टायफॉईडचा नाही, तो कुणालाही होतो. राग याचा की मला ते तुझ्या खोलीतल्या मित्रानं सांगितलं. तोही घाबरत घाबरत, "काकू, मी सांगितलं असं सांगू नका." त्या सहा दिवसांत मी तुला दोन वेळा विचारलं होतं, आवाज असा का येतोय. तू म्हणालास, थंडी आहे इकडं. नानांनीही हेच सांगितलं होतं, थंडी आहे म्हणून. पुढचं तुला माहीत आहे, मी लिहीत नाही.

आणि दुसरं एक, जे फोनवर बोलले नाही. येळवशीच्या अंबिलाला मी शेतातल्या विहिरीचं पाणी वापरलं होतं. उकळलं होतं, पण मोठ्या पातेल्यातलं शेवटचं उकळलं का नाही ते आता आठवत नाही. आपल्यात दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले कशानंही होऊ शकतं. तरी मी रोज ते पातेलं आठवते.

पुस्तकाकडं येते. तिकिटाच्या पुढं मकरानचं वाळवंट आहे, आत्ताचं बलुचिस्तान. हिंदुस्थानातून परत जाताना यानं सैन्य तिकडून नेलं, साठ दिवस, आणि माणसं, जनावरं तहानेनं पडली. कुठल्याशा घळीत थोडं पाणी मिळालं, ते सैनिकांनी शिरस्त्राणात धरून त्याच्यासमोर आणलं. यानं ते सगळ्यांदेखत वाळूत ओतलं. तुम्हाला नाही तर मलाही नको. पुस्तक म्हणतं, त्यानं सैन्याला असा हुरूप आला की जणू सगळेच पाणी प्याले.

मला आधी संताप आला. ओतलं! पाणी! लातूरच्या बाईला असलं वाचायला देऊ नये. २०१६ चा उन्हाळा आठव. टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, मिरजेहून दहा वाघिणींची गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली तर माणसं रुळाकडेला नारळ घेऊन उभी. तुझी दहावीची परीक्षा नुकती झालेली. सायकलला दोन्हीकडं कॅन लटकवून तू टँकरवर जायचास, पहाटे चारला नंबर लावून. एकदा सकाळी दोन्ही कॅन रिकामे घेऊन आलास. विचारलं तर म्हणे, कोपऱ्यावरच्या आजींना दिलं, त्यांचा नंबर गेला. मी तुला पाठीत धपाटा घातला. जोरात. घरात आजीची डायलिसिसची फेरी, धुणं तीन दिवसांचं, आणि हा दानशूर. तू काही बोलला नाहीस, कॅन घेऊन परत रांगेला गेलास.

परवा रात्री त्या शिरस्त्राणापाशी मला तो धपाटा आठवला. इतक्या वर्षांत कधी बोलले नाही. चुकलं माझं. म्हणजे, त्या दिवशीही पाणी लागतच होतं, ते काही खोटं नाही. पण मारायला नको होतं.

आणखी एक. सगळंच कौतुकाचं नाही हं त्या पुस्तकात. थीब्ज नावाचं अख्खं शहर यानं विसाव्या-एकविसाव्या वर्षी पाडलं आणि ३०,००० माणसं गुलाम म्हणून विकली. चरित्रकारानं ते एका परिच्छेदात उरकलंय आणि कवीचं एक घर तेवढं राखलं याला त्याच्याहून जास्त जागा दिली. मी असती तर उलटं केलं असतं. असो.

बियासच्या काठी सैन्य अडून बसलं. आठ वर्षं चालत होते बिचारे. कीनस नावाचा म्हातारा सरदार उठून बोलला, की यांना आता आपले आईबाप बघायचेत, जिवंत असतील तर. "जिवंत असतील तर" हे वाचून मी पुस्तक मिटलं, उठून दूध बघून आले. सिकंदर तीन दिवस तंबूत रुसून बसला. पण शेवटी ऐकलं. परत फिरला.

घरी मात्र पोचला नाही. त्याची आई ऑलिंपियस. बाई तापट होती, कारभारात नाक खुपसायची, सगळं खरं. इ.स.पू. ३३४ मध्ये पोरगा निघाला तो तिला परत दिसलाच नाही. लुटीतल्या वस्तू मात्र यायच्या, पेट्याच्या पेट्या. आणि तिच्याबद्दल तो एकदा वैतागून म्हणाला म्हणे, की दहा महिने पोटात ठेवल्याचं ही बाई फार जबर घरभाडं वसूल करते.

सुजित, हे मी मोठ्यानं वाचलं. बाबा हसले. मग दोघंही गप्प झालो, कारण येळवशीला शेतातल्या कोपीत बसून तू तेच म्हणाला होतास. भज्जीचा घास हातात होता तुझ्या. मी म्हटलं, सारखी कसली रे साईट, जीव द्यायचाय का कंपनीला? आणि तू म्हणालास, "पैसे तर वेळेवर येतायत ना?" पाहुण्यांसमोर. मी उंडे वाढायला उठले. तुला वाटलं मला ऐकू गेलं नाही.

पैसे वेळेवर येतात. दर पाच तारखेला. ताईच्या वेळचं कर्ज त्यातूनच फिटतंय, हे मी विसरलेली नाही. पाच तारखेला पैसे आले आणि तू तेव्हा १०३ तापात होतास, हे मला मागाहून कळलं. तापात मोबाईलवर बोटं चालवून पैसे पाठवलेस. त्याचा अभिमान वाटावा की कपाळ बडवावं ते मला अजून कळत नाही. दोन्ही करते.

सिकंदर असंही म्हणाला होता, हेही लिहिते, नाहीतर त्याच्यावर अन्याय. मागं राज्य सांभाळणाऱ्या अँटिपॅटरनं त्याच्या आईच्या तक्रारींचं लांबलचक पत्र पाठवलं, तर म्हणाला, आईचा एक अश्रू असली दहा हजार पत्रं पुसून टाकतो, हे याला कळत नाही. बरा होता पोरगा. लांब होता एवढंच.

आता पथ्य. हेफेस्टियन, त्याचा जिवाभावाचा मित्र, एकबॅटानाला तापानं पडला. वैद्यानं पथ्य सांगितलं. वैद्य नाटक बघायला गेला आणि हा पठ्ठ्या उठला, उकडलेली कोंबडी खाल्ली, वर गार केलेली भांडंभर दारू प्याला. आणि गेला. सिकंदरानं रागानं त्या वैद्याला मारून टाकलं. वैद्याचा काय दोष? तुझा मित्र परवा फोनवर म्हणाला, "काकू, त्याला आता भूक लागतेय, आम्ही हायवेवरच्या ढाब्यावरनं मागवू का?" मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. बराच वेळ पलीकडून आवाज नव्हता.

आणि शेवटचं प्रकरण. इ.स.पू. ३२३, बॅबिलॉन, उन्हाळा. कुणा मेडिअसच्या घरी रात्रभर पिणं झालं आणि ताप चढला. राजाच्या रोजनिशीत दिवसादिवसाची नोंद आहे. ताप असतानाच पलंगासकट उचलून पूजेला नेलं. ताप असतानाच सरदारांना हुकूम, अरबस्तानच्या मोहिमेला जहाजं अमुक दिवशी निघतील. दुसऱ्या दिवशी ताप जास्त, तरी पुन्हा तेच, जहाजं, हुकूम. एकाही दिवशी असं लिहिलेलं नाही की आज कामाचं कुणी बोलू नका म्हणाला. मग वाचाच गेली. सैनिक ऐकेनात, रांगेनं त्याच्यासमोरून गेले, आणि तो मान कशीबशी उचलून नुसता डोळ्यांनी ओळख देत होता. तेहतीस पूर्ण व्हायला महिना-दीड महिना राहिला होता.

कशानं गेला यावर अजून वाद आहे. कुणी विष म्हणतं, कुणी मलेरिया. काही डॉक्टर टायफॉईड म्हणतात. हे मी रात्री पावणेदोनला वाचलं. तेव्हाच तुला फोन केला होता, तू उचललास आणि म्हणालास "काय झालं आई?" मी म्हटलं चुकून लागला. चुकून नव्हता लागला.

आईचं पुढं काय झालं ते मी शोधलं. शेवटच्या पानावर दीड ओळ आहे. इ.स.पू. ३१६, अँटिपॅटरच्या पोरानं, कॅसँडरनं मारवलं. एवढंच.

लेक्चर झालं, कळतंय मला. तू रजा घेतली नाहीस तर मी काही जैसलमेरला येऊन बसणार नाही. (बाबांनी गाड्या बघून ठेवल्यात, पण ते त्यांचं.) काम सोड असंही म्हणत नाही. तुझ्या त्या प्लेटांच्या रांगांचा फोटो मी शाळेतल्या सगळ्या बायकांना दाखवलाय, एकीला दोनदा. गोळ्यांचा कोर्स मात्र पूर्ण कर, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नकोस. आणि रोज सकाळी ताप मोजून मेसेज कर. "बरा आहे" लिहायचं नाही. आकडा लिहायचा.

पुस्तक पार्सलात घातलंय. तिकीट होतं तिथंच ठेवलंय.

तुझी,
आई

ता.क. पार्सलात शेंगाची चटणी आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत डबा उघडायचा नाही. मित्राकडं ठेवायला दे. नाहीतर नको, तो देईल तुला. पार्सलमधून मीच काढून ठेवते.