खरंच काही आहे का हो?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. स्टेजवर प्रेमाचं काम करता करता खऱ्याखुऱ्या प्रेमात अडकणाऱ्या नटनटीवरच्या विनोदी नाटकाचं परीक्षण रविवारच्या पुरवणीत वाचलं आणि राहवलं नाही. अर्धा कॉलम यातच गेलाय की मुख्य जोडीची केमिस्ट्री एवढी खरी वाटते, तर प्रत्यक्षात पण काही शिजतंय का. अहो, त्या नाटकात नेमकी याच प्रश्नाची टिंगल आहे!

मी हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग करतो, विंगेत स्क्रिप्ट घेऊन बसतो, त्यामुळे प्रेमाचे सीन मला कायम बाजूने दिसतात आणि बाजूने ते फार वेगळे दिसतात. मिठी मारताना हिरो तिच्या खांद्यावरून आपला लाइट शोधत असतो, तिने मान किती वळवायची ते ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे स्टेजवरच्या हालचाली बसवतानाच, ठरलेलं असतं, आणि कबुलीच्या वाक्यावर लाफ्टर आला तर पॉज किती घ्यायचा तेही. आता तर बाहेर बऱ्याच ठिकाणी अशा सीनसाठी वेगळा माणूस असतो, मारामारी बसवतात तसं चुंबन बसवतो, हात कुठे, किती वेळ, सगळं दोघांना विचारून.

तरी भावना मिसळतात हे मी नाकारत नाही. १९७४ साली डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात एका हलत्या झुलत्या पुलावर प्रयोग केला होता, तिथे भेटलेल्या मुलीला नंतर फोन करणारे पुरुष साध्या भक्कम पुलावरच्यांपेक्षा जास्त निघाले, म्हणजे धडधड भीतीची आणि नाव मुलीचं. एन्ट्रीच्या आधी विंगेत उभं राहिलं की पोटात तेच होतं, आणि शेजारी रोज तीच व्यक्ती. शिवाय लेखकाने घासूनपुसून लिहिलेली वाक्यं कुणीतरी रोज डोळ्यात बघून म्हणतंय, घरच्या बिचाऱ्याला ती सात जन्मात सुचणार नाहीत.

परीक्षणात म्हटलंय की चुंबनाचा सीन चार वेळा येतो, बटबटीत वाटतं. मला तर अख्ख्या नाटकातली सगळ्यात हुशार जागा तीच वाटली. पहिल्यांदा दोघं लाजतात, दुसऱ्यांदा दिग्दर्शक कोपर खाली घ्या म्हणून ओरडतो, तिसऱ्यांदा दोघं कंटाळलेत, आणि चौथ्यांदा, जेव्हा दोघांना खरंच काहीतरी वाटतं, तेव्हा दिग्दर्शक म्हणतो, नाही, हे खोटं दिसतंय, कालचं करा! अठराव्या शतकातल्या फ्रेंच लेखक दिदरोचं म्हणणं हेच होतं की मोठा नट स्वतः वाहवत जात नाही, डोकं थंड ठेवून रडवतो. नटाच्या कामावरचा त्याचा तो ग्रंथ १८३० साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. आणि आपल्याकडे काश्मीरच्या अभिनवगुप्त या आचार्यांनी त्याच्या कितीतरी शतकं आधी रसाची जागा नटात नाही, बघणाऱ्या सहृदयात सांगितली. मग नटाला काय वाटतंय याची चौकशी आपण कशाला करतोय?

दुसऱ्या अंकात हीच जोडी स्टेजबाहेर एकत्र राहायला लागते आणि बोलायला वाक्यंच नसतात, भांडणात पण दोघं नाटकातले डायलॉग मारतात, तिथे मी हसलो आणि जरा गप्पही झालो. शेवट मात्र घाईत गुंडाळलाय, तिथे परीक्षणकर्त्यांशी सहमत.

आणि हो, हिरो गैरहजर असला की तालमीत त्याच्या जागी उभा राहणारा, सगळ्यांचं पाठांतर असलेला, स्वतःचं एकही वाक्य नसलेला तो बदली नट. सर्वात मोठे लाफ्टर त्याने घेतले आणि परीक्षणात त्या कलाकाराचं नावसुद्धा नाही. पुढच्या रविवारी दोन ओळी तरी छापा.

आपला,
विंगेतला एक वाचक