डेकॅथलॉनवाल्यांना पोरं शिकवू द्या

मा. संपादक,

शालेय मैदानी स्पर्धा जवळ आल्या की जुन्या डेकॅथलॉन (धावणं, उड्या, फेक असे दहा प्रकार), हेप्टॅथलॉन (असेच सात प्रकार) खेळाडूंना बोलावणं जातं. काम काय, तर स्टॉपवॉच दाबणं आणि टेप धरणं. स्पर्धा आटोपली की त्यांची आठवण थेट पुढच्या वर्षी. खरं तर बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवायला यांच्याइतकी योग्य माणसं नाहीत.

दोन दिवसांत दहा प्रकार खेळणाऱ्याला लांब उडीत तीनच संधी असतात. ६.५० मीटरला ६९७ गुण, ७ मीटरला ८१४, आणि तिन्ही फाउल गेले, म्हणजे पाय उडीच्या फळीच्या (बोर्डाच्या) पुढे पडला, तर शून्य. म्हणून पहिली उडी तो बोर्डाच्या थोडी अलीकडून, हमखास मोजली जाईल अशी मारतो आणि जोर पुढच्या दोन उड्यांना लावतो. शाळकरी मुलाला हा हिशेब कुणी सांगतच नाही. ते पहिल्यालाच जीव तोडून पळतं, फाउल होतं आणि उरलेल्या दोन उड्या बिचकत मारतं.

फाउल नेमका कुठे होतो, हे शोधायचीही रीत आहे. मुलाला बोर्डावरून उलट्या दिशेने दहा-बारा पावलं पळवायचं, शेवटचं पाऊल पडेल तिथे खूण करायची. पाच-सहा वेळा पळवून मधली जागा धावेची सुरुवात म्हणून धरायची आणि टेपने मोजून वहीत लिहायची. दुसरी खूण बोर्डाच्या चार पावलं अलीकडे. ती शिकवणाऱ्यासाठी, मुलाला दाखवायची नाही. या खुणेपाशीच पाऊल दहा सेंटिमीटर पुढे पडत असेल तर सुरुवात तेवढीच मागे न्यावी. इथे पाऊल बरोबर पडूनही फाउल होत असेल तर मुलगा मान खाली घालून बोर्ड शोधतोय आणि शेवटची पावलं ताणतोय. अशा वेळी सुरुवातीची खूण हलवली की घोळ वाढतो. आणि बहुतेक ठिकाणी तीच हलवली जाते! समोरून वारा असला की पावलं आखूड पडतात, तेव्हा मात्र सुरुवात वीत-दोन वीत पुढे घ्यावी लागते.

हर्डल्सचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, तेच. तालमीत घोटलेल्या पोरांच्या मांड्या दणकट, पण ती हर्डलच्या अगदी जवळ जाऊन उंच उडतात. उंची गुडघ्याएवढी आणि अंतर सहा-साडेसहा मीटर ठेवलं की मधली तीन पावलं बसतात. अंतर जास्त झालं की चौथं पाऊल घुसतं, पुढचा पाय बदलतो आणि मूल हर्डलला बिचकायला लागतं. उंची वाढवायची ती लय बसल्यावर.

‘सगळं थोडंथोडं शिकवलं तर पोर एकातही पुढे जात नाही’ असं पालक म्हणतात. पण भारताच्या गुरबचनसिंग रंधावा यांनी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डेकॅथलॉनचं सुवर्ण जिंकलं आणि दोनच वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये ११० मीटर हर्डल्सला पाचवे आले.

आमची मागणी साधी आहे. स्पर्धेआधी दोन महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी, प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर असा एक खेळाडू मानधनावर नेमावा. शिवाय लांब उडीच्या पिटातली (खड्ड्यातली) वाळू. आपल्याकडच्या पावसात ती दगडासारखी बसते आणि टाचेपासून कमरेपर्यंत दणका जातो. सरावाआधी दरवेळी ती फूटभर खणून धावपट्टीच्या पातळीत ओढून घ्यावी लागते. त्यासाठी एक फावडं, एक पाटी आणि टेप मैदानावरच ठेवा, स्टोअर रूमच्या कुलपात नको.

– काही ॲथलेटिक्स प्रशिक्षक, कोल्हापूर