त्या एक्सेल फाइली आधी वाचा

महोदय,

कार्यालयातील संगणकीकरण फसले की ‘कर्मचाऱ्यांना बदल नको असतो’ हे कारण हमखास पुढे येते. आपल्या अंकातील लेखातही ते वाचले, म्हणून हे पत्र. मी वेतन विभागात काम करते. पगारपत्रक वहीतून एक्सेलमध्ये आणि पुढे सध्याच्या प्रणालीत गेले, तेव्हा दोन्ही वेळा मी याच टेबलावर होते. बदलाला विरोध म्हणून विरोध करणारे मला फारसे भेटले नाहीत. महिनाअखेरीला पगार चुकला तर बोलणी आपल्यालाच खावी लागणार, ही धास्ती मात्र सगळ्यांना होती.

नवी प्रणाली सुरू झाल्यावरही आमच्याकडे जवळजवळ प्रत्येकाने स्वतःची एक्सेल फाइल ठेवली होती. वरिष्ठांच्या लेखी हा आडमुठेपणा. त्या फाइली बंद करा असे परिपत्रकही निघाले. माझ्या शेजारच्या बाईंच्या फाइलमध्ये काय होते? बिनपगारी रजेवर असताना बढती मिळालेल्यांची वेतननिश्चिती, साहेब रजेवर गेल्याने काही आठवडे प्रभारी राहिलेल्यांचा भत्ता, मागच्या तारखेपासून लागू झालेल्या वाढीची थकबाकी. प्रणालीला जे जमत नव्हते त्याची ही आयती यादी होती, आणि ती कोणी मागितली नाही. व्हेंडरच्या, म्हणजे प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या, बैठका झाल्या त्या विभागप्रमुखांबरोबर, ज्यांनी पगारपत्रक कधी बनवलेले नाही. प्रशिक्षणातला नमुना कर्मचारी तर एक तारखेला रुजू होतो, रजा घेत नाही आणि त्याला बढतीही एक तारखेलाच मिळते. असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

हेच मोठ्या प्रमाणावर कॅनडात घडले. तिथल्या सरकारने फेब्रुवारी २०१६मध्ये ‘फिनिक्स’ ही वेतन प्रणाली सुरू केली. सुमारे २,९०,००० कर्मचारी, वेतनाचे ८०,०००हून अधिक नियम. खर्च आणि मुदत आवाक्यात ठेवण्यासाठी ठरलेल्या ९८४ सुविधांपैकी शंभरावर वगळल्या गेल्या. त्यांत थकबाकी काढण्याची सोयही होती! आमच्या विभागातल्या नवख्या मुलीनेही हे होऊ दिले नसते. प्रत्यक्ष एका खात्यात घ्यायची चाचणी २०१५मध्ये रद्द झाली. ठिकठिकाणच्या खात्यांतील १,२०० वेतन सल्लागारांच्या जागी मिरामिशी या शहरातील एकाच केंद्रात ४६० जण नेमले गेले, कारण वर्षाला सुमारे ७ कोटी डॉलर वाचणार होते. पुढे निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पगारात चुका निघाल्या. कोणाला कमी, कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही. महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी २०१८मध्ये या प्रकल्पाच्या व्यवस्थापनाला आणि देखरेखीला ‘अनाकलनीय अपयश’ म्हटले. मला त्यात न कळण्यासारखे फारसे दिसत नाही. ज्यांच्या डोक्यात अपवाद साठलेले होते, ती माणसे आधी हलवली आणि यंत्रणा नंतर तपासली.

प्रकल्प वेळेत झाल्याची शाबासकी ज्यांना मिळायची असते, तेच बहुधा तो तयार असल्याचा निर्वाळा देतात. हे थांबले पाहिजे. जुनी प्रणाली बंद करण्याच्या कागदावर, जो विभाग ती रोज वापरतो त्याची सही हवी, आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभाही हवी. त्याआधी दोन्ही प्रणालींवर एकाच महिन्याचा पगार काढून ताळा जमवावा. एखादा सोपा महिना निवडून चालणार नाही. वेतनवाढीचा महिना आणि वर्षअखेर त्यात यायलाच हवी. दुहेरी काम पडते, माणसे कुरकुरतात, हे खरे. त्यासाठी तात्पुरती जादा माणसे घ्या आणि तो खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच दाखवा.

आमच्याकडे आता नवी हजेरी प्रणाली येते आहे. चाचणीत काय काय तपासायचे याची यादी व्हेंडरनेच करून पाठवली. तीत रात्रपाळी नाही. महिन्याच्या शेवटच्या रात्री कामावर आलेला माणूस दुसऱ्या महिन्यात घरी जातो, त्याचे तास कोणत्या महिन्यात धरायचे, हे लिहून मी ती यादी परत पाठवली आहे.

— वेतन विभागातील एक कर्मचारी